अक्काच्या वाढदिवसाचं पान

मयूर विहार, दिल्ली
१२ जानेवारी

तीर्थस्वरूप कुसुमावती अक्काच्या पायांशी धाकट्या पद्माकरचा साष्टांग नमस्कार (कमरेला पट्टा असल्यामुळे मनातल्या मनात घातलेला, पण आठही अंगं मोजून). तुझे गुडघे, तुझा रक्तदाब आणि तुझा राग ही तिन्ही स्थानं पूर्वीसारखीच असतील असं धरून चालतो. इथे आम्ही धुक्यात असलो तरी खुशाल आहोत. कल्पनाचा खोकला गेला आणि माझा आला, म्हणजे खोकला घरातच आहे. वल्लरी रोज मेट्रोने गुरगावच्या ऑफिसात जाते. परवा तिने कोशिंबिरीला रायता म्हटलं आणि वर ‘सेम थिंग है ना बाबा’ असंही म्हटलं. जन्म दिल्लीतला, शाळा दिल्लीतली, तिला मी काय बोलणार? पण तुझ्या कानावर घालून ठेवतो.

तुझं पोस्टकार्ड मिळालं. पोस्टकार्डच का पाठवलंस हे मला समजतं. पाकीट पाठवलं असतंस तर ते मी एकट्याने वाचलं असतं. पोस्टकार्ड पोस्टमनने वाचलं, खालच्या गार्डने (त्याला मराठी येत नाही, तरी) न्याहाळलं आणि समोरच्या मिसेस खन्नांनी ‘सातारा से आया है, सब ठीक?’ म्हणून हातात आणून दिलं. त्यावर एकंदर तीन वाक्यं आहेत. ‘मी गेल्याची बातमी आली त्या दिवशी एकशे चौदा माणसांनी फोन केले. तू केला नाहीस. फेब्रुवारीत मी दिल्लीला येणार नाही.’ खाली सही. अनेक आशीर्वाद नाहीत, एकसुद्धा नाही. वीस वर्षं तू न चुकता फेब्रुवारीत येतेस, आमच्या घरातली सगळी कपाटं लावून जातेस, आणि यंदा तीन वाक्यांत ती प्रथा मोडलीस. गेले साडेतीन महिने तू फक्त कल्पनाशी बोलतेस आणि मी रिसीव्हर घेतला की ‘आवाज तुटतोय’ म्हणतेस (लँडलाइनवर, अक्का). तेव्हा आज मी सगळं पहिल्यापासून लिहून काढणार आहे. चौतीस वर्षं फरीदाबादच्या कारखान्यात ट्रॅक्टरचे सुटे भाग तपासले मी. कुठला भाग कुठे बिघडला आणि दोष कुणाचा, हे मला कुणी शिकवायला नको.

या प्रकरणाचं मूळ दत्तात्रय आहे. आमचा तिसऱ्या मजल्यावरचा दत्तात्रय, मराठी मंडळाचा चिटणीस, तुला चांगलाच ठाऊक आहे. हळदीकुंकवाच्या तिळगुळाला तू ‘दगड’ म्हणालीस तो त्याच्याच घरून आला होता. तर ‘चित्रकट्टा’ म्हणून एक साइट निघाली आहे. तिथे आपण फोटो टाकायचा, लोकांनी तो बघायचा, त्याखाली आपापली मतं लिहायची, आणि दर चार-पाच मतांमागे साइटवाले एक जाहिरात घुसवतात. जेवढी मतं जास्त तेवढ्या जाहिराती जास्त, आणि जाहिरातींच्या उत्पन्नात फोटोवाल्याचा वाटा. दत्तात्रय तिथे आपल्या बाल्कनीतल्या कबुतरांचे फोटो टाकतो. कबुतरं, अक्का. जी घालवायला आख्खी सोसायटी जाळ्या लावते आहे ती. आणि त्या कबुतरांच्या जोरावर या गृहस्थाला दर महिन्याला पैसे येतात, आणि ते आल्याचं तो लिफ्टमध्ये सांगतो, जिथून मधेच उतरता येत नाही. मी म्हटलं, डोळ्याला चष्मा असला तरी नजर आपली आहे. वल्लरीकडून खातं उघडून घेतलं आणि मी माझ्या आवडीचे विषय टाकले: नव्या पार्किंगच्या खांबाला गेलेला तडा, गेटचं तिरकं बसवलेलं बिजागर, पाण्याच्या टाकीवरचं सदोष वेल्डिंग. समाजोपयोगी काम होतं. तीन महिन्यांत अकरा माणसांनी बघितलं आणि त्यांतली चार वेळा कल्पनाच होती.

तेव्हा वल्लरी म्हणाली, ‘बाबा, लोकांना फूड आवडतं यार, वेल्डिंग नाही.’ आणि नेमका तुझा वाढदिवस आला. पंचाहत्तरावा. माझ्या मनात आलं, अक्का साताऱ्याला आहे तर काय झालं, आपण इथे तिच्या नावाने तिच्या आवडीचं साग्रसंगीत पान वाढू, त्याचा फोटो काढू, अक्काला आनंद होईल आणि जगाला मराठी पान कसं असतं ते कळेल. यात कुठे पाप आहे ते दाखव. कल्पनाने पहाटेपासून खपून स्वयंपाक केला. आणि पान तिने कसं वाढलं? तू तिला लग्नानंतर शिकवलंस तसंच्या तसं. वर मधोमध मीठ, त्याच्या डाव्या हाताला लिंबू, चटणी, कोशिंबीर; उजव्या हाताला भाज्या आणि आमटीची वाटी; मधे भाताची मूद. एक इंच इकडचं तिकडे नाही. मी स्वतः तपासून पास केलं.

फोटो वरून, सरळ, सावली न पडता यायला हवा होता. तू म्हणशील, स्टुलावर उभा राहून काढायचा. कमरेला पट्टा आहे. म्हणून मी डोकं चालवलं. बाल्कनीत छताला कपडे वाळत घालायची दांडी आहे ना, दोरीने वरखाली होणारी (मागच्या वर्षी तुझ्या नऊवारीच्या वजनाने जी खाली आली होती तीच), तिला मी कारखान्यातून आणलेल्या लोखंडी क्लॅम्पने फोन आडवा आवळला आणि बरोबर खाली पाट मांडला. दोरी ओढली की उंची हवी तेवढी. आता खाली बसून मला चित्र दिसायला हवं, तर फोनची काच माझ्याकडे, म्हणजे जमिनीकडे हवी. काच जमिनीकडे म्हणजे कॅमेरा कुठला चालणार? काचेच्या बाजूचा, ज्याने ही हल्लीची पोरं स्वतःचे फोटो काढतात तो. तो कॅमेरा आरशासारखं चित्र काढतो, डावं उजवीकडे आणि उजवं डावीकडे, हे फोनच्या खोक्यावर कुठेही लिहिलेलं नाही. आमच्या कारखान्यात असा माल सूचना न देता बाहेर गेला असता तर मी आख्खी गाडी गेटवरून परत आणली असती. पण फोनवाल्यांना कोण विचारतो. मी मान वर करून, बोट उंचावून बटण दाबलं, फोटो चित्रकट्ट्यावर चढवला आणि खाली लिहिलं, ‘आमच्या अक्कासाठी. सगळं तिच्या आवडीचं.’

आता तू विचारशील (कल्पनाने विचारलंच), की वाढदिवस आहे असं का नाही लिहिलं. याचं उत्तर तूच दे. साठीला मी मंडळाच्या फलकावर तुझं वय लिहिलं तेव्हा तू माझ्याशी आठ दिवस बोलली नव्हतीस, आणि ‘माझं वय गावाला वाटायला ते काय तीर्थ आहे का’ असं म्हणाली होतीस. म्हणून नाही लिहिलं. आणि तुझ्या आवडीनिवडी तरी काय आहेत त्या पाहा. आमसुलाची चटणी, गवार घातलेली भोपळ्याची भाजी, तांदळाची खीर, उडदाचे वडे. कुणाही मराठी माणसाला पाठ असलेला श्राद्धाचा स्वयंपाक तुला बारा महिने आवडतो, यात माझा काय दोष? त्यात तुझा वाढदिवस यंदा पितृपक्षात आला, ते पंचांगाने केलं, मी नाही. तू समोर नाहीस म्हणून पाटावर तुझा फ्रेम केलेला फोटो ठेवला, कारण पान कुणाचं ते कळायला हवं. कल्पनाने फोटोपुढे एक गुलाब ठेवला, शेजारी समई लावली. प्रत्येक गोष्ट सुटी बघितलीस तर निर्दोष आहे. पण कारखान्यात आम्ही म्हणायचो, सगळे भाग बरोबर असले तरी जोडणी तपासल्याशिवाय शिक्का मारू नये. आपल्या घरात पितरांचं पान उलट्या बाजूने वाढतात, आणि कॅमेऱ्याने कल्पनाचं सुलटं पान उलटं करून टाकलं. तेवढी एक गोष्ट बाकी होती, ती त्याने पुरी केली.

हे सगळं माझ्या पाठीमागे घडलं, हे लक्षात घे. कारण फोटो चढवल्यावर मी क्लॅम्प सोडवायला गेलो तर तो आवळून बसला होता, सुटेना. त्यात दत्तात्रय खालून हाका मारत होता. आम्हाला दोघांना मंडळाच्या कोजागिरीच्या हॉलसाठी पत्र द्यायला कोपर्निकस मार्गाला महाराष्ट्र सदनात जायचं होतं. म्हटलं, राहू दे तिथेच, उन्हात काही होत नाही. फोन दांडीला टांगलेला ठेवून मी बाहेर पडलो. पत्र दिलं, मग दत्तात्रयच्या आग्रहावरून कँटीनमध्ये साबुदाणा वडा मागवला. तो येतो न येतो तोच पलीकडच्या टेबलावरचे अण्णासाहेब उठून आले (मंडळाचे जुने अध्यक्ष, तू त्यांच्या मिसेसना ओळखतेस, त्या चष्म्याच्या). त्यांनी माझे दोन्ही हात हातात घेतले आणि म्हणाले, ‘आत्ताच ग्रुपवर कळलं. फार वाईट झालं. अक्का म्हणजे मोठा आधार होत्या.’ दत्तात्रयने आपला फोन काढला, आणि तिथे मंडळाच्या ग्रुपवर एकाखाली एक हात जोडलेली चित्रं होती, कुणी मी काढलेला पानाचाच फोटो टाकून खाली ‘कुसुमावती अक्का गेल्या’ असं लिहिलेलं. कुणी पहिल्यांदा लिहिलं याची मी नंतर चौकशी केली. प्रत्येकाने दुसऱ्याचं वाचून लिहिलं होतं, पहिला कुणीच नव्हता. फोटोच्या उलट्या पानाकडे एकाही माणसाने डोळसपणे बघितलं नाही, आणि बघितलं ते नेमकं जे बघायला नको होतं तेच. मी अर्थातच एका शब्दावर विश्वास ठेवला नाही. मी वडा संपवला, चहा घेतला आणि शांतपणे मंडी हाउसला मेट्रो पकडून घरी आलो.

घरी आल्यावर मिसेस खन्ना पांढरी ओढणी घेऊन दारात. ‘भाईसाहब, दीदी मेरे को कितना डाँटती थीं, फिर भी कितनी अच्छी थीं.’ त्यांनी खिचडी आणली होती, आपल्या घरात आज चूल पेटणार नाही म्हणून. आत श्राद्धाचा स्वयंपाक (मी वाढदिवसाचा म्हणतो) तसाच झाकून ठेवलेला. मी दांडी खाली घेतली, पक्कड लावून फोन सोडवला आणि चित्रकट्टा उघडला. चौदाशे मतं. ज्या माणसाचं वेल्डिंग अकरा जणांनी बघितलं त्याच्या बहिणीच्या पानावर चौदाशे माणसं रडत होती. भावपूर्ण श्रद्धांजली, ॐ शांती, ‘आमच्या आत्याही अशाच होत्या’, ‘ताट बघून डोळे भरून आले’, ‘खीर जरा पातळ वाटते पण भावना पोचल्या’. त्यांच्यामधे जाहिराती. या साइटचं यंत्र लोकांचे शब्द वाचून जाहिरात निवडतं म्हणे. म्हणून श्रद्धांजलीखाली गयेची तीन रात्रींची सहल, अश्रूंखाली मोतीबिंदूचं हॉस्पिटल, आणि ‘काळ कुणाला चुकत नाही’ या वाक्याखाली भिंतीवरचं घड्याळ, चाळीस टक्के सूट. यांच्यात कुठेतरी तूही होतीस. साताऱ्यात शेजारच्या मुलीकडून तू खातं उघडून घेतलं होतंस आणि लिहिलं होतंस, ‘मी कुसुमावती. मी जिवंत आहे.’ तुझ्या खात्याला तुझा फोटो नसून जास्वंदीचा आहे, त्यामुळे कुणी ओळखलं नाही. एका बाईने तुला उत्तर दिलं, ‘खरंय ताई, अशी माणसं आपल्या सगळ्यांत जिवंतच राहतात.’ तिला बावन्न जणांनी दाद दिली. तुझ्या वाक्याला चष्म्याची जाहिरात होती.

त्याच संध्याकाळी कल्पनाने चूक पकडली. फोटो बोटांनी मोठा करून बघत होती, आणि आमटीच्या वाटीवर कोरलेलं नाव (तू वास्तुशांतीला दिलेल्या सेटातली वाटी) उलटं आलेलं तिला दिसलं. म्हणाली, ‘वाटीवरचं नाव उलटं, म्हणजे पान मी बरोबर वाढलंय. हे आधी जगाला सांगा. तीस वर्षं मी पान वाढतेय आणि आज लोक म्हणताहेत की पितरांचं वाढलं.’ तिचं म्हणणं रास्त होतं. वल्लरीही म्हणाली, ‘बाबा, प्लीज डिलीट करा ना, आत्याला सगळ्यांनी मारून टाकलंय.’ आणि तरी मी तो फोटो अकरा दिवस काढला नाही, याबद्दल कल्पनाने स्वतः आणि तू तिच्यामार्फत मला जे बोलायचं ते बोलून झालं आहे. माझी बाजू ऐक. पहिली गोष्ट, पुरावा नष्ट करायचा नसतो. कारखान्यात सदोष भाग फेकत नाहीत, लाल चिठ्ठी लावून बाजूला ठेवतात. दुसरी गोष्ट, लोक तुझ्याबद्दल इतकं चांगलं लिहीत होते की मला थांबवणं जिवावर आलं. तुझ्या शाळेतल्या एका विद्यार्थ्याने, आता तो कुठल्याशा बँकेत मोठा साहेब आहे, लिहिलं की अक्काबाईंनी मला वर्गाबाहेर उभं केलं म्हणून मी आज उभा आहे. जिवंतपणी हे तुला कुणी सांगितलं असतं का? आणि तिसरी गोष्ट, उत्पन्न रोज वाढत होतं. हे मी लपवत नाही. दत्तात्रयची कबुतरं मागे पडली होती. निवृत्तीनंतर इतक्या वर्षांनी माझ्या नावाने कुठेतरी काहीतरी जमा होत होतं, त्याचा मला आनंद झाला, आणि तो आनंद बहिणीच्या जिवावर होता हे अकराव्या दिवशी माझ्या ध्यानात आलं. उशीर झाला. मान्य.

पण दत्तात्रयला तू काहीच बोलली नाहीस याचा मला संताप आहे. तू जिवंत आहेस हे मी त्याला त्याच रात्री जेवायच्या आधी सांगितलं. तोपर्यंत त्याने संध्याकाळी मंडळाची तातडीची सभा भरवून शोकठराव मंजूर करून टाकला होता. दोन मिनिटं स्तब्धता, ‘मंडळाच्या कार्यात त्यांचं मार्गदर्शन वेळोवेळी लाभलं’ (म्हणजे तू तिळगुळाला दगड म्हणालीस ते), आणि ठरावाची प्रत कुटुंबीयांना रजिस्टर्ड पोस्टाने. मी म्हटलं, ठराव रद्द कर. तर म्हणतो, ‘बिल्कुल नाही करता येत. मंजूर ठराव रद्द करायला वार्षिक सर्वसाधारण सभा लागते, आणि कोरम.’ अच्छा, म्हटलं, म्हणजे अक्का मार्चपर्यंत मेलेलीच? तर म्हणे, ‘कागदोपत्री.’ आणि ते पाकीट त्याने पाठवलंच. ते तू स्वतः सही करून घेतलंस असं कळलं. पोस्टमनने ‘मयताचे कोण?’ विचारल्यावर तू ‘मीच’ म्हणालीस, हेही कळलं. या एका गोष्टीबद्दल दत्तात्रयशी मी दिवाळीपर्यंत बोललो नाही, आणि पुढेही फक्त पाण्याच्या टँकरपुरतं बोलतो.

अकराव्या दिवशी मी चित्रकट्ट्यावर खुलासा लिहिला. वाटीवरच्या उलट्या नावाला बाणाने खूण केली, कॅमेऱ्याचा दोष सांगितला, आमची अक्का ठणठणीत असून पान वाढदिवसाचं आहे असं स्पष्ट केलं. मला वाटलं, लोकांना आनंद होईल. एक माणूस मेला नाही हे कळल्यावर साधारणपणे आनंद होतो. पण जी माणसं रडली होती ती भयंकर चिडली. ‘आमचे अश्रू परत द्या’ इथपासून ‘जाहिरातींसाठी सख्ख्या बहिणीला मारलं’ इथपर्यंत. खिरीला पातळ म्हणणाऱ्या बाईंनी तर मला नराधम म्हटलं. तू जिवंत राहिलीस याबद्दल मला इतक्या शिव्या बसल्या की त्यांच्यामधेही जाहिराती घालायला जागा झाली. अक्का, मी भला माणूस आहे असा माझा दावा नाही, पण मी बहिणीला मारणारा माणूस नाही, हे निदान तुला तरी सांगावं लागू नये.

राहता राहिला तुझ्या पोस्टकार्डातला मुद्दा. एकशे चौदा माणसांनी फोन केला आणि मी केला नाही. तर त्याचं असं आहे. माझा फोन दांडीला टांगलेला होता हे वर आलंच आहे. दत्तात्रय आपला फोन देत होता हे खरं, पण ज्या माणसाची कबुतरं लिफ्टमध्ये ऐकावी लागतात त्याचा उपकार घ्यायचा म्हणजे पुढचं वर्षभर तेही ऐकावं लागलं असतं. शिवाय तुझी लाइन दिवसभर लागत नव्हती, एकशे चौदा माणसं त्यात होती. आणि मुख्य म्हणजे गरजच नव्हती. मी तुला सत्तर वर्षं ओळखतो. तू अशी आगाऊ सूचना न देता, कपाटं न लावता, कुणाला काही न बोलता जाणारी नव्हेस. कल्पनाने घरून फोन केलाच होता, एका घरातून एक फोन पुरतो. एवढ्याशा गोष्टीवरून फेब्रुवारी मोडू नये असं मला वाटतं. दिल्लीत फेब्रुवारीत हवा चांगली असते, हे तूच दरवर्षी म्हणतेस. कपाटं तशीच पडली आहेत.

थोरांनी धाकट्यांचं सगळं पोटात घालायचं असतं असं आई म्हणायची, तू पोटात घालतेस आणि नंतर काढून दाखवतेस एवढाच फरक. तरी या वेळेला आत राहू दे. प्रकृतीला जप, थंडीत भिजवलेल्या बदामांचं विसरू नको, आणि तुझा आशीर्वाद पोस्टकार्डावर मावत नसेल तर आंतर्देशीयावर पाठव.

तुझा धाकटा भाऊ,
पद्माकर

ता. क. एक किरकोळ बाब राहिली. लोकांच्या तक्रारींमुळे चित्रकट्टावाल्यांनी माझं सगळं उत्पन्न अडकवून ठेवलं आहे. त्यांचं पत्र आलं आहे की संबंधित व्यक्ती हयात असल्याचा पुरावा या महिन्याच्या एकतीस तारखेपर्यंत दिला तर रक्कम मोकळी करू. पुरावा म्हणजे त्या व्यक्तीने त्या दिवशीचं वर्तमानपत्र हातात धरून काढलेला फोटो. पेन्शनसाठी दर नोव्हेंबरात तू बँकेत हयातीचा दाखला देतेसच, त्यातलाच प्रकार. हे मी वर पत्रात लिहिलं नाही, कारण तुला वाटलं असतं की एवढं सगळं मी त्यासाठी लिहिलं.

आणखी ता. क. फोटो दुसऱ्या कुणाकडून, फोनच्या मागच्या कॅमेऱ्याने काढून घे. स्वतः काढलास तर वर्तमानपत्र उलटं येईल आणि ते पुन्हा नामंजूर करतील. चेहरा रागावलेला चालेल, हयात दिसण्याशी मतलब.

वन्सं, सौ. कल्पनाचा नमस्कार. पाकीट चिकटवायला यांनी माझ्याकडे दिलं आणि मागची बाजू कोरी सापडली. तुम्हाला काही बोलायचं नाही अशी शपथ यांनी मला घातली होती. लिहायचं नाही अशी घातली नव्हती. वडा यांनी खाल्ला नाही. दत्तात्रयभावोजींनी यांना हाताला धरून घरी आणलं, येताना मेट्रोत तीनदा आपला फोन यांच्या हातात दिला आणि तीनदा यांनी तो परत केला. घरी येऊन स्वयंपाकघरात फरशीवरच बसले, त्या झाकलेल्या पानाशेजारी. मी तुमचा नंबर काढून दिला तर म्हणाले, ‘तू लाव. मी लावला आणि तिने उचलला नाही, तर?’ मग मी लावला. तुम्ही उचललात आणि काय ओरडलात ते तुम्हाला आठवत असेल, स्पीकर चालू होता. तेव्हा कुठे हे रडले. फोटो पाठवू नका, तुमचं सात तारखेचं तिकीट मी वल्लरीकडून काढून घेतलं आहे. आणि तुम्ही मला नंतर एकदा म्हणाला होतात, की त्या दिवशी माझ्या पाठोपाठ एक फोन आला, पलीकडून कुणी बोलेना, तुम्ही चार वेळा ‘मी जिवंत आहे, ऐकू येतंय का’ म्हणून ओरडलात तरी कुणी ठेवेना, शेवटी तुम्हीच ठेवलात. तो यांनी लावला होता. एकशे चौदांत एक यांचा धरा.